जर्मनीत ओ-पेअर: २८० युरोंचा हिशेब आणि परक्या घरातलं वर्ष

महिन्याला २८० युरो. जर्मनीत ओ-पेअर म्हणून राहणाऱ्या मुलीला किंवा मुलाला मिळणारा पॉकेटमनी इतकाच असतो. युरोचा दर ढोबळमानानं १०० रुपये धरला, तर झाले २८,००० रुपये. राहणं-जेवण कुटुंबाकडे, वर हातात पैसे आणि वर्षभर जर्मनी. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्या किती तरी मुलींच्या घरी हा बेत सध्या शिजतो आहे. बेत चांगलाच आहे. तो फसतो तेव्हा त्यामागे पैशांची चणचण क्वचितच असते. पैसे, तास आणि घरातले नियम यांबद्दल आधी मोकळेपणानं बोलणं झालेलं नसतं, हे खरं कारण. म्हणून या लेखात खर्चाचे आकडे आणि नात्याच्या गोष्टी मी वेगळ्या ठेवलेल्या नाहीत. त्या घरात गेल्यावर त्या वेगळ्या राहतही नाहीत.

ओ-पेअर म्हणजे यजमान कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, हलक्या घरकामात हातभार लावायचा आणि भाषा शिकायची. जर्मन कायद्यात ही नोकरी धरली जात नाही, त्यामुळे किमान वेतनाचा नियम इथे लागू होत नाही. युरोपात या व्यवस्थेची चौकट ठरवणारा करार १९६९ मध्ये स्ट्रासबुर्गला झाला. पण प्रत्येक देशानं आपापले नियम वेगळे केले. नेदरलँड्समध्ये मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच जावं लागतं. अमेरिकेत तास आठवड्याला ४५ पर्यंत जातात. नॉर्वेनं तर २०२४ मध्ये युरोपबाहेरच्यांसाठी ही योजनाच बंद केली. तेव्हा एका देशात राहिलेल्या मैत्रिणीचा अनुभव दुसऱ्या देशासाठी प्रमाण मानू नका. खालचं सगळं जर्मनीपुरतं आहे.

आधी बसतं का ते पाहा

व्हिसासाठी अर्ज करताना वय २७ च्या आत हवं. जर्मन भाषा किमान ए१ पातळीची हवी. प्रमाणपत्र असलं तरी व्हिसाच्या वेळी समोरचा अधिकारी जर्मनमध्ये चार प्रश्न विचारून खात्री करून घेतो. मुक्काम कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष. आणि हा परवाना आयुष्यात एकदाच मिळतो. कंटाळून चौथ्या महिन्यात परत आलात, तर उरलेले आठ महिने पुढच्या वर्षी वापरता येत नाहीत. कुटुंब निवडताना घाई का करायची नाही, ते यावरून लक्षात यावं.

जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी घरांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण ही विचारणा वारंवार होते. पुतणीला किंवा भाचीला ओ-पेअर म्हणून बोलावता येत नाही. नातेवाईक चालत नाहीत. शिवाय यजमान घरात जर्मन ही मातृभाषा म्हणून बोलली जाणं अपेक्षित असतं. ती नुसती घरात वापरायची भाषा असेल, तर आईवडील ज्या देशातून आले, त्याच देशाची ओ-पेअर त्यांना ठेवता येत नाही. म्हणजे मराठी आईवडिलांच्या घरी मराठी मुलगी, हा मार्ग साधारणपणे बंद आहे. मुलगी जर्मन शिकायला जाते, हा या नियमामागचा विचार आहे आणि मला तो पटतो.

निघेपर्यंत किती खर्च

पासपोर्ट साध्या पद्धतीनं काढला तर १,५०० रुपये. राष्ट्रीय व्हिसाचं शुल्क ७५ युरो, म्हणजे साडेसात हजारांच्या घरात. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचं काम मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातं. ए१ चा वर्ग आणि परीक्षा हा पहिला मोठा खर्च. मॅक्स म्युलर भवन पुण्यातही आहे आणि मुंबईतही. खाजगी वर्ग तर गावोगावी निघालेत. वर्ग कुठेही लावा, पण परीक्षा मान्य संस्थेचीच द्या. वर्ग आणि परीक्षेसाठी मिळून तीस-चाळीस हजार बाजूला ठेवावेत. मुंबईहून एकेरी तिकीट हंगामाप्रमाणे तीस ते साठ हजारांत पडतं. ते बहुधा ओ-पेअरनंच काढायचं असतं. काही कुटुंबं अर्धं देतात, पण ते त्यांच्या मनावर. थंडीचा कोट आणि बूट इथून महाग घेऊन जाऊ नका. तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगली वस्तू कमी पैशांत मिळते. त्याआधी यजमान आईला विचारा, घरात एखादा जादा कोट असतोच.

या सगळ्यावर परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःच्या खात्यात वेगळे हवेत, आणि वर्षभर त्यांना हात लावायचा नाही. हा खर्च कोणी यादीत धरत नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. घरी परत जायला पैसे नाहीत म्हणून न पटणाऱ्या घरात मुकाट्यानं राहणाऱ्या मुलीची अवस्था वाईट असते. ही राखीव रक्कम धरून एकूण दीड ते दोन लाखांची तयारी ठेवा.

मध्यस्थ संस्थेबद्दल दोन शब्द. जर्मनीत कुटुंब शोधून देणाऱ्या संस्थेला ओ-पेअरकडून जास्तीत जास्त १५० युरो घेता येतात. कुटुंबाकडून ती कितीही घेवो, तो त्यांचा प्रश्न. भारतातला एखादा एजंट लाख-दीड लाख मागत असेल, तर ते कशाकशाचे आहेत ते लेखी मागा. उत्तर गोलमाल आलं तर तिथून उठा. आणि इंटरनेटवर भेटलेलं एखादं कुटुंब महिना ८०० युरो देऊ करत असेल आणि व्हिसाच्या वकिलासाठी आधी पैसे पाठवायला सांगत असेल, तर ती फसवणूकच समजा. खरं कुटुंब ओ-पेअरकडे पैसे मागत नाही.

कुटुंबाच्या खिशातून काय जातं

हे ओ-पेअरलाही माहीत असावं, म्हणजे मागताना संकोच होत नाही आणि भलती अपेक्षाही राहत नाही. २८० युरो पॉकेटमनी. भाषेच्या वर्गासाठी महिन्याला ७० युरो, म्हणजे वर्षाचे ८४०. आजारपण, अपघात आणि नुकसानभरपाई असा तिहेरी विमा पहिल्या दिवसापासून. तो बहुधा महिन्याला चाळीस-पन्नास युरोंत येतो आणि पूर्णपणे कुटुंबानंच भरायचा असतो. वर्गापर्यंत जाण्यायेण्याचा खर्चही त्यांच्याकडे. देशभर बस आणि लोकल गाड्यांना चालणारा मासिक पास २०२६ पासून ६३ युरोंना झाला आहे. तोच काढून दिला तर मुलीची सुट्टीच्या दिवसाचीही सोय होते. म्हणजे रोखीनं साडेचारशे युरोंच्या पुढे, आणि जेवण, वीज, पाणी, खोली वर. खोली स्वतंत्र, निदान ८ चौरस मीटरची, खिडकीची आणि थंडीत उबदार राहणारी हवी. मुलांच्या खोलीतला कोपरा किंवा तळघरातली बिनखिडकीची जागा चालत नाही.

पॉकेटमनी बँकेतून घ्या. रोख मिळत असेल तर वहीत तारीख टाकून दोघांची सही घ्या. सुट्टीच्या काळातही तो मिळायला हवा. आणि फुटलेल्या कपाचे, जादा वापरलेल्या पाण्याचे पैसे त्यातून कापून घ्यायची रीत नाही.

भाषावर्गाच्या ७० युरोंबद्दल सर्वांत जास्त गोंधळ होतो. महिन्याला ७० युरोंत बसणारा चांगला वर्ग मिळणं अवघड असतं. म्हणून अनेक कुटुंबं वर्षाचे ८४० युरो एकत्र धरून दोन-तीन सत्रांची फी भरतात. फोल्क्सहोखशूले ही लोकशिक्षणाची केंद्रं जवळजवळ प्रत्येक गावात आहेत आणि खाजगी वर्गांपेक्षा स्वस्त आहेत. पहिल्या आठवड्यातच वर्गाचं नाव, वार आणि वेळ ठरवून घ्या. 'जरा रुळलीस की बघू' असं म्हणत पुढे ढकललेला वर्ग बऱ्याचदा सुरूच होत नाही, आणि मुलगी ज्यासाठी आली तेच राहून जातं.

तासांचा हिशेब

नियम असा: दिवसाला सहा तास, आठवड्याला तीस तास, यापेक्षा जास्त नाही. मुलं झोपलेली असताना संध्याकाळी घरात थांबणं हेसुद्धा यातच धरायचं. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, महिन्यातून निदान एक रविवार पूर्ण मोकळा, आठवड्यातल्या चार संध्याकाळी आपल्या. वर्षाला चार आठवड्यांची रजा. कुटुंब सहलीला गेलं आणि तिथे मुलांना सांभाळायला मुलगीही सोबत गेली, तर ते दिवस तिच्या रजेत मोजायचे नाहीत.

आता गणित करू. आठवड्याला तीस म्हणजे महिन्याला साधारण १३० तास. २८० युरोंना त्यानं भागलं तर तासाला सव्वादोन युरोही पडत नाहीत. यात अन्याय नाही. खोली, जेवण, विमा आणि भाषा हे सगळं त्याच देवाणघेवाणीचा भाग आहे. पण कुटुंबानं हळूहळू आठवड्याला चाळीस तास करून घेतले, तर महिन्याला ४३ तास जास्त होतात. जर्मनीचं किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. त्या दरानं बाहेरून माणूस लावला असता तर त्या तासांचे सुमारे ६०० युरो झाले असते, म्हणजे पॉकेटमनीच्या दुपटीहून जास्त. 'आज जरा अर्धा तास थांबशील?' या साध्या विनंतीची किंमत वर्षभरात इथपर्यंत जाते. विनंती करणाऱ्या आईच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतं. तिची गाडी चुकलेली असते, बैठक लांबलेली असते. म्हणूनच मोजणी लागते.

स्वयंपाकघरात एक वही ठेवा. रोज कधी सुरू केलं, कधी संपलं, एवढंच त्यात लिहायचं. आज तास जास्त झाले तर त्याच किंवा पुढच्या आठवड्यात तेवढे कमी करायचे. यात अविश्वास नाही. जर्मन घरांत वेळ लिहून ठेवण्याचं कोणाला वाईट वाटत नाही. उलट न सांगता मनात साठवलेलं गाऱ्हाणं एके दिवशी रडून बाहेर आलं, की त्यांना कळतच नाही की हे कधीपासून चाललं होतं.

आपल्याकडच्या मुलींना ही गोष्ट जड जाते. मोठ्यांनी काही सांगितलं की हो म्हणायचं, पुढे-पुढे करून काम उचलायचं, आणि जमणार नसेल तर समोरच्यानं चेहऱ्यावरून ओळखावं असं वाटत राहायचं. तिथे चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. 'हो' म्हटलं की हो. 'शनिवारी मला जमणार नाही' असं शांतपणे सांगितलं तर ते उद्धट मानलं जात नाही. पुढच्या शनिवारचं विचारलं जातं. यजमान आईवडिलांना नावानं आणि एकेरीत हाक मारायची असते. काकू-काका म्हणायची सवय असलेल्या जिभेला पहिला महिना ते अवघडच वाटतं. पण त्या एकेरीतच पुढे बोलायला सोपं जातं.

यजमान कुटुंबांना माझी विनंती आहे की पहिल्या दोन आठवड्यांत मुलीला एकटं टाकू नका. बालवाडी कुठली, बस कुठली, कुठल्या मुलाला कशाची अॅलर्जी आहे, कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, रविवारी मोठे आवाज का करायचे नाहीत, सगळं सोबत राहून दाखवा. आठवड्यातून एकदा मुलं झोपल्यावर अर्धा तास चहा घेऊन बसा. काय चांगलं झालं, काय नाही, पुढचा आठवडा कसा, इतकंच बोला. जी कुटुंबं ही बैठक टाळत नाहीत, त्यांच्याकडे वर्ष नीट पार पडताना दिसतं.

कामं कुठली, तेही ओ-पेअर आणि कुटुंबातल्या करारात लिहा. मुलांना शाळेत सोडणं-आणणं, खेळणं, साधं जेवण करणं, मुलांचे कपडे धुणं-इस्त्री, भांडी यंत्रात लावणं, आपली खोली झाडणं हे ठीक. साऱ्या घराच्या खिडक्या पुसणं, बागेची मशागत, आजारी आजोबांची शुश्रूषा ही ओ-पेअरची कामं नव्हेत. आजोबांशी गप्पा मारायला कोणाची ना नाही. औषधं, अंघोळ आणि रात्रीचं जागरण यांची जबाबदारी तिच्यावर टाकायची नाही.

ताट, खोली, फोन

बहुतेक घरांत रात्रीचं जेवण थंड असतं: ब्रेड, चीज, काकडी, मांसाचे काप. गरम वरणभाताची सवय असलेल्या मुलीला नोव्हेंबरच्या काळोखात ते फार सोसत नाही. शाकाहारी असाल तर कुटुंबाशी होणाऱ्या मुलाखतीतच सांगा. अंडं चालतं का, चीज चालतं का, मांस शिजवलेल्या तव्यात केलेलं चालतं का, मुलांसाठी तुम्ही मांस रांधाल का? चारही प्रश्न वेगळे आहेत, आणि 'मी व्हेज आहे' एवढ्यानं एकाचंही उत्तर मिळत नाही. जेवण कुटुंबाच्या खर्चात आहे, म्हणून तांदूळ, डाळ, भाजी त्यांच्या नेहमीच्या खरेदीत यावी. हिंग, गोडा मसाला आणि आवडीचं लोणचं तुम्ही घरून न्या. आठवड्यातून एक संध्याकाळ तुमच्या स्वयंपाकाची ठरवलीत तर मुलं आठ दिवसांत पोळी लाटायला पुढे येतील. फोडणी देताना मात्र खिडकी उघडा. तिथल्या घरात तो वास दिवसभर कोंडून राहतो.

उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. आई रात्री मोकळी होऊन फोन करते, तेव्हा तिथे मुलांच्या जेवणाची घाई चाललेली असते. घरच्यांना वेळ ठरवून द्या. कामाच्या तासांत कानाला फोन ही यजमान कुटुंबांची नेहमीची तक्रार असते, आणि ती रास्त आहे. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. याबाबतीत जर्मन पालक फार काटेकोर असतात.

कागद, गाडी, दवाखाना

पोहोचल्यावर दोन आठवड्यांत राहत्या पत्त्याची नगर कार्यालयात नोंद करावी लागते. कुटुंबानं सोबत जावं. मुक्कामाचा परवाना तिथे घ्यावा लागला तर त्याचे १०० युरोंपर्यंत लागतात. ते कोण भरणार हे करारात असू द्या. नोंदणीनंतर काही दिवसांनी तुमच्या नावानं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं आणि मुली घाबरतात. ही वर्गणी घरामागे एकच असते आणि कुटुंब ती आधीपासून भरत असतं. त्यांचा वर्गणी क्रमांक कळवला की काम झालं. पत्र टाकून मात्र देऊ नका, स्मरणपत्रांवर दंड चढतो.

भारतीय वाहन परवाना जर्मनीत राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो. मुलांना गाडीनं नेण्या-आणण्याची अट असेल तर सातव्या महिन्यात काय करायचं, हा प्रश्न निघण्याआधीच विचारा, कारण तिथे परवाना काढणं हजारो युरोंचं काम आहे. गाडीला धक्का लागला तर विम्यात न बसणारी रक्कम कोण देणार, तेही लिहा. ओ-पेअरच्या नुकसानभरपाईच्या विम्यात यजमानांच्याच वस्तूंचं नुकसान नेहमी धरलेलं नसतं. आजारपणाच्या विम्यात जुनी दुखणी आणि दातांची मोठी कामं बहुधा नसतात. दात इथून बघून जा, चष्म्याची जादा जोडी आणि नेहमीची औषधं चिठ्ठीसकट न्या.

बिनसलं तर

करारात साधारण दोन आठवड्यांची पूर्वसूचना लिहिलेली असते. दोघांनीही ती पाळावी. संस्थेमार्फत गेला असाल तर त्यांच्या समन्वयकाला पहिल्या तक्रारीलाच बोलवा. तिसऱ्या भांडणापर्यंत थांबू नका. कुटुंब बदलता येतं, पण उरलेल्या मुदतीपुरतंच, आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवून, त्यांच्या संमतीनं. मार्गदर्शनासाठी इन व्हिया आणि फेराइन फ्युअर इंटरनात्सिओनाले युगेंडआर्बाइट या जुन्या संस्था ओ-पेअरसाठी काम करतात.

पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. खोलीला आतून कडी लागत नाही, कोणी अंगचटीला येतं, घराबाहेर जाऊ देत नाही, असं काही असेल तर पूर्वसूचना वगैरे विसरा आणि बाहेर पडा. पोलीस ११०. स्त्रियांसाठीची मदतवाहिनी ११६ ०१६, चोवीस तास, फुकट आणि अनेक भाषांत. भारताचा दूतावास बर्लिनला, वाणिज्य दूतावास फ्रँकफुर्ट, म्युनिक आणि हॅम्बुर्गला. हे क्रमांक आणि यजमानांचा पूर्ण पत्ता इथल्या आईवडिलांकडेही कागदावर लिहिलेला असावा.

निघताना

पुढे आउसबिल्डुंग (व्यावसायिक प्रशिक्षण) किंवा स्वयंसेवी सेवावर्ष करायचं मनात असेल, तर चौकशी परवाना संपण्याच्या चार-पाच महिने आधी सुरू करा. बी१ ची परीक्षाही त्याच सुमारास द्या. जाण्याआधी पत्त्याची नोंद रद्द करावी लागते. बँकेचं खातं शेवटचा पॉकेटमनी जमा झाल्यावरच बंद करा. आणि यजमानांकडून कामाचं प्रशस्तिपत्र मागून घ्या. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, मुलांची वयं, केलेली कामं आणि तुमच्या भाषेत झालेली प्रगती, असं सगळं जर्मनमध्ये लिहून दोन्ही पालकांच्या सह्या हव्यात. पुढच्या प्रत्येक अर्जाला ते लागतं, आणि बॅगा भरायच्या गडबडीत ते हटकून राहून जातं, म्हणून दोन आठवडे आधीच मागा.